तारेतली चारशे कार्डं: पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराचं माणसांचं जाळं कसं काढलं

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या जुन्या घरांत आलेली कार्डं भिंतीवरच्या लोखंडी तारेत ओवून ठेवायची पद्धत होती. तारेला खाली लाकडी चकती, वर वाकवलेलं टोक. नवं कार्ड आलं की वाचायचं आणि वरून खोचायचं. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका दिवंगत चित्रकाराच्या घरी अशा तीन तारा निघाल्या. त्यांत मिळून सव्वाचारशेच्या आसपास कार्डं आणि थोडी पाकिटं होती. घरच्यांशी ठरल्याप्रमाणे त्यांचं आणि गावाचं नाव इथे देत नाही. या पत्रांवरून त्यांचा नाटक मंडळांशी, कापड दुकानदारांशी, पेटी मास्तरांशी आणि शाळांशी असलेला संबंध संगणकावर कसा मांडला, त्यात कुठे चुका झाल्या आणि त्या कशा सुधारल्या, ते लिहीत आहोत. असे गठ्ठे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत अजून घरोघरी आहेत आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे उधईच्या पोटात जात आहेत.

पहिली गोष्ट: कार्डं तारेतून एकदम काढू नका. तारेतला क्रम हा स्वतःच एक पुरावा आहे. तळाचं कार्ड सगळ्यात जुनं, वरचं सगळ्यात नवं, असा साधारण हिशेब असतो. तारीख नसलेलं कार्ड दोन तारखेच्या कार्डांमध्ये सापडलं तर त्याचा काळ जवळपास नक्की होतो. म्हणून आधी तार जशी आहे तशी चारी बाजूंनी फोटो, मग वरून एकेक कार्ड काढून त्याच्या पाकिटावर तार क्रमांक आणि अनुक्रमांक. खुद्द कार्डावर काही लिहायचं नाही, पेन्सिलीनेसुद्धा नाही. तार गंजलेली असेल तर कार्ड ओढू नका, भोक फाटतं. पकडीने तार वरून तोडा आणि कार्डं खालून वर सरकवा. भोकात एखाददुसरा शब्द गेलेलाच असतो. तिथे नकलेत [भोक] असंच लिहायचं, अंदाजाने शब्द भरायचा नाही.

स्कॅनिंगला सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरतो. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ. १४ × ९ सेंमीच्या कार्डाची एक बाजू साधारण २१ एमबी होते. सव्वाचारशे कार्डांच्या दोन्ही बाजू म्हणजे सुमारे १८ जीबी. वाचण्यापुरतं ३०० डीपीआयही चालतं, पण टपालाचा पुसट शिक्का त्यात नीट उमटत नाही, आणि शिक्क्यावरच पुढचं निम्मं काम उभं आहे. कोरी दिसणारी बाजूही स्कॅन करा. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: तार, कार्ड, बाजू या क्रमाने. वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते आणि ती बिघडल्याचं महिनाभराने कळतं, म्हणून स्कॅनर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा आणि रोजचं काम दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा. मे महिन्यात हे काम सकाळी दहाच्या आत आटपावं. घामाच्या बोटाने जांभळी कॉपिंग पेन्सिल लगेच विरघळते. त्या पेन्सिलीचा शिसा ओला झाला की त्याची शाई होते, हाच तिचा गुण. अशा पेन्सिलीने लिहिलेली कार्डं बरीच असतात. ती कोरड्या हाताने कडेला धरायची.

पुसट शिक्क्यांसाठी एक उपाय नेहमी लागू पडतो. गिंप या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करून पाहायचे. काळा शिक्का जांभळ्या अक्षरांवर पडला असेल तर लाल भागात अक्षरं फिकी होतात आणि शिक्का उठून दिसतो. दाबाचा ठसा राहिला असेल पण शाई गेली असेल तर स्कॅनर कामाचा नाही. खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च आडवी धरा आणि फोनने फोटो घ्या.

आता तारखा. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तो घालायलाच हवा होता, कारण तारीख चुकली की जाळ्यातला काळच चुकतो. एकाच तारेत चार प्रकारच्या तारखा मिळतात: इंग्रजी, शके, विक्रम संवत आणि नुसती तिथी. शकाला चैत्र ते डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. एवढं बहुतेकांना माहीत असतं. खरी फसगत महिन्यात होते. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी मुलखातला पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखा, पण वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पुढे असतो. बालाघाट, राजनांदगावकडून किंवा इथल्याच मारवाडी दुकानातून हिंदीत आलेल्या पत्रावर समजा ‘चैत्र कृष्ण ५ संवत १९९८’ आहे. मराठी पद्धतीने वाचलं तर ते एप्रिल १९४१ मध्ये जातं. प्रत्यक्षात ती आपली फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे मार्च १९४२, कारण त्यांच्याकडे चैत्राचा कृष्ण पक्ष जुन्या संवताच्या शेवटी येतो. जवळजवळ अकरा महिन्यांची चूक! गुजराती व्यापाऱ्याचा संवत तर कार्तिकात बदलतो. म्हणून तक्त्यात पत्रावरची तारीख जशीच्या तशी एका रकान्यात, पत्र लिहिणाऱ्याची पद्धत दुसऱ्यात आणि बदलून काढलेली तारीख तिसऱ्यात ठेवा. चौथ्या रकान्यात ती कशावरून काढली ते लिहा: मजकूर, पाठवणीचा शिक्का, पोचण्याचा शिक्का, तारेतली जागा की अंदाज.

तारीखच नसली तरी कार्ड बोलतं. ‘नवे पैसे’ हे शब्द असले तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचं आणि बहुधा १ जून १९६४ च्या आधीचं. पिनकोड असला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. छापील तिकिटावर सहावे जॉर्ज असले तर फक्त ‘१९३६ च्या आधीचं नाही’ एवढंच म्हणता येतं, कारण लोक जुनी कार्डं घरात साठवून वापरत. पत्त्यात ‘सी. पी. अँड बेरार’ असलं म्हणून १९५० पूर्वीचंच असं धरू नका; हाताची सवय सरकारी आदेशाने बदलत नाही.

मजकूर उतरवण्यासाठी यंत्र वापरायचं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. ट्रान्सक्रिबससारख्या हस्ताक्षर वाचणाऱ्या साधनाला एखादं हस्ताक्षर शिकवायचं तर साधारण ५,००० ते १५,००० शब्द आधी हाताने उतरवून द्यावे लागतात. एकाच माणसाच्या रोजनिशीला ते परवडतं. इथे प्रत्येक कार्ड सरासरी ऐंशी-शंभर शब्दांचं आणि हात शंभराहून अधिक. यंत्राला शिकवेपर्यंत आपलं काम होऊन जातं. फोनमध्ये बोलून टाइप करण्याची सोय वेगवान आहे, पण ती भाषा ‘सुधारते’. झाडीबोलीत ण चा न आणि ळ चा र होतो. लिहिणाऱ्याने ‘डोरा’ लिहिलेलं असतं, फोन ‘डोळा’ किंवा भलतंच काही करतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे ‘गांव’, ‘नांव’, ‘कांही’ हे अनुस्वारही तो खाऊन टाकतो. हे अनुस्वार, ही बोली पुढे लिहिणारा ओळखायला उपयोगी पडते. त्यामुळे आम्ही सगळं हाताने उतरवलं. टाइप करून तक्ता भरेपर्यंत एका कार्डाला अर्धा तास धरा. मोडीतली कार्डं वेगळी काढून जाणकाराकडून वाचून घ्या आणि वाचणाऱ्याचं नाव तक्त्यात नोंदवा.

तक्ते चार. पत्रांचा, माणसांचा, गावांचा आणि उल्लेखांचा. पहिले तीन कोणीही करतो. चौथ्याचं महत्त्व आम्हाला उशिरा कळलं, आणि हे लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे.

पत्रांच्या तक्त्यात पाठवणारा, घेणारा, ठिकाण, तारीख एवढं भरून गेफी या जाळी काढणाऱ्या प्रोग्राममध्ये घातलं तर एक सुंदर चांदणी उमटते: मध्ये चित्रकार, भोवती शंभर-सव्वाशे माणसं, प्रत्येकाची एक रेघ मध्याकडे. हे जाळं नव्हे, ही आपली तारच झाली. त्यांच्या घरात आलेली पत्रं असल्यावर प्रत्येक रेघ त्यांच्याकडेच येणार. त्यावर ‘मध्यस्थता’, म्हणजे कोण किती जणांच्या मधल्या वाटेवर आहे ते, मोजली तर तेच पहिले येतात, आणि त्यातून काहीच कळत नाही.

हाच घोटाळा उलट्या बाजूने पाहायचा असेल तर व्हॅन गॉगचा पत्रव्यवहार पाहा. आम्ही सरावासाठी तोच घेतला होता. अ‍ॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम आणि हॉयगेन्स इन्स्टिट्यूट यांनी २००९ मध्ये तो पूर्ण संपादित करून इंटरनेटवर मोफत ठेवला. एकूण ९०२ पत्रं. त्यांतली ८१९ त्यांनी लिहिलेली आणि फक्त ८३ त्यांना आलेली. भाऊ थिओने आलेली पत्रं जपली, व्हिन्सेंटने बहुतेक टाकून दिली. थिओच्या मागे त्याची पत्नी योहानाने ती सांभाळून १९१४ मध्ये छापली. त्यामुळे तिथे साडेसहाशेच्या आसपास रेघा एकट्या थिओकडे जातात. यावरून व्हिन्सेंटला दुसरं कोणी नव्हतं असा निष्कर्ष काढणं चूक. पत्र कोणी जपलं, हे त्या आकड्यांतून आधी दिसतं. मैत्री किती होती ते नंतर, आणि तेही पत्रांच्या आतून.

आतून म्हणजे उल्लेखांतून. मराठी कार्डात शेवटच्या चार ओळींत माणसांची रांग असते: अमक्यास नमस्कार, तमक्याकडून कळले, कापडाचे पैसे फलाण्याजवळ दिले आहेत, पेटी मास्तर आमचेकडे येऊन गेले. प्रत्येक उल्लेखाला एक ओळ द्यायची: पत्र क्रमांक, उल्लेख झालेला माणूस, तो कोणाच्या संदर्भात आला आणि प्रकार. आमचे प्रकार सात: नमस्कार, निरोप, पैसा, माल, काम, भेट, नुसता उल्लेख. एका कार्डातून सहा-सात ओळी सहज निघतात. या ओळींतून चित्रकाराला वगळून इतरांच्या आपसातल्या रेघा तयार होतात. मग गेफीत मधला ठिपका काढून टाकायचा. पत्रांच्या नुसत्या तक्त्यात तसं केलं तर सगळे ठिपके सुटे पडतात. उल्लेखांच्या तक्त्यात मात्र पुंजके उरतात आणि त्यांना जोडणारी माणसं पुढे येतात. आमच्याकडे ती नाटकातली नामांकित माणसं निघाली नाहीत. पेटी वाजवणारे आणि मांजरपाट उधार देणारे दुकानदार निघाले. पेटीवाला एका हंगामात तीन मंडळांत वाजवतो, जाता जाता पडद्याचं माप आणि इसाराची रक्कम पोचवतो. त्याचं स्वतःचं एकही कार्ड तारेत नसू शकतं, कारण तो समक्षच येतो.

उल्लेख भरताना दोघांनी एकच तीस कार्डं एकमेकांना न दाखवता भरून पाहावीत. आमचे सर्वाधिक मतभेद ‘मंडळी’ या शब्दावर झाले. ‘मंडळींस नमस्कार’ म्हणजे घरचे, ‘आमची मंडळी आजारी’ म्हणजे बायको, ‘मंडळी तयार आहे’ म्हणजे नाटकवाले. ‘पेटी’ म्हणजे हार्मोनियम की पत्र्याची ट्रंक? ‘रंग’ पडद्याचा की तोंडाला लावायचा? ‘मास्तर’ तर शाळेतला, पेटीवरचा आणि शिवणारा, तिन्ही. असे शब्द वेगळ्या यादीत काढून प्रत्येकासाठी नियम लिहिला. नियमात न बसणारं कार्ड ‘संदिग्ध’ ठेवलं. संदिग्धाची रेघ जाळ्यात काढायची नाही.

मराठी पत्रांत आणखी एक सोय आहे, ती युरोपातल्या नमुन्यावर केलेल्या तक्त्यात नसते: मायना. ‘सा. न. वि. वि.’ बरोबरीच्याला किंवा वडीलधाऱ्याला, ‘अ. उ. आ.’ धाकट्याला, ‘ती.’, ‘चि.’, ‘रा. रा.’ या प्रत्येकातून लिहिणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं, वय आणि मान कळतो. मायन्याला स्वतंत्र रकाना द्या आणि तो रेघेचा गुण म्हणून गेफीत न्या. एकाच माणसाचा मायना काळाप्रमाणे बदलतो तिकडे खास लक्ष ठेवा. ‘रा. रा. पेंटर साहेब’ पासून ‘ती. दादांस’ पर्यंतचा प्रवास झाला असेल तर धंद्याच्या ओळखीचं घरोब्यात रूपांतर झालेलं असतं.

आणि मायन्यातूनच तारेतली एक मोठी पोकळी भरता येते. मृत्यूची बातमी देणारं कार्ड आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. कोपरा फाडलेलं ते कार्ड येतं, उंबऱ्याशी वाचलं जातं आणि तिथेच फाडलं जातं. म्हणजे जाळ्यातली माणसं मरतात, पण संग्रहात एकही मृत्यू नाही. पत्रं येणं थांबलं म्हणून भांडण झालं असं आम्ही एकदा लिहून बसलो होतो. पुढच्या वर्षीच्या कार्डात त्याच घरच्या बाईंच्या नावामागे ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ आलं होतं. तेव्हापासून कोणतीही रेघ तुटली की आधी त्या घरच्या उल्लेखांमधले उपसर्ग तपासतो.

माणसं एक करण्याची घाई करू नये. ‘गणपतराव’, ‘गणपत पाटील’, ‘पाटील मूलवाले’ हे एकच की तीन? प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्या आणि दोन स्वतंत्र पुरावे मिळाल्यावरच जोडा: गाव आणि हस्ताक्षर, किंवा व्यवसाय आणि नातं. जोडल्याची नोंद अशी ठेवा की उद्या सोडवता येईल. ओपनरिफाइन या तक्ते साफ करणाऱ्या प्रोग्राममध्ये सारखी नावं गोळा करण्याच्या ध्वनीवर चालणाऱ्या पद्धती रोमन लिपीसाठी केलेल्या आहेत, देवनागरीला त्या चालत नाहीत. अक्षरांतला फरक मोजणारी पद्धत चालते, पण ‘रामा’ आणि ‘रामजी’ ती एका ढिगात टाकते. प्रत्येक सुचवणी डोळ्यांनी पाहूनच मान्य करा. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाडे’ यातला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकतर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी माणसं. कळफलक सगळ्यांनी एकच वापरावा आणि शेवटी शोधून-बदलून एकच रूप ठेवावं. तक्ते लिबरऑफिसमध्ये यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात करून ठेवा. एक्सेलमध्ये सीएसव्ही नुसती दुहेरी टिचकीने उघडली तर देवनागरीचा चुरा होऊ शकतो आणि ‘५-२’ असा साधा मजकूर इंग्रजी अंकांत असला तर तो परस्पर तारीख बनतो. तारखेचा रकाना मजकूर म्हणूनच राखा: वर्ष-महिना-दिवस.

गावांत ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगळे नोंदवा. शिक्का पोस्टाच्या गावाचा असतो, लिहिणारा तिथून दोन कोसांवर राहतो आणि बाजाराच्या दिवशी कार्ड टाकतो. नवेगाव, पिंपळगाव, चिचोली किती आहेत याची गणती नाही, बु. आणि खु. गाळले की गाव चुकलंच. प्रत्येक गावाला २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी कोड जोडला की वाद मिटतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला आणि गोंदिया १ मे १९९९ ला झाला, त्यामुळे जुन्या पत्त्यांतले ‘जि. चांदा’ (म्हणजे चंद्रपूर) आणि ‘जि. भंडारा’ आजच्या सीमांवर बसवू नका. मूळ जिल्हा आणि आजचा जिल्हा असे दोन रकाने करा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे जुन्या जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, पुनर्वसनाचे नव्हे. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये सरळ रेघा ओढल्या की वैनगंगेपलीकडचं गाव जवळ दिसतं. पावसाळ्यात ते डोंग्यावर अवलंबून असायचं. गोंदिया, नागभीड, चांदा फोर्ट ही रेल्वे नकाशावर घातल्यावर मगच पत्रांची दाटी कुठे आणि का, ते कळायला लागतं. महिन्यांप्रमाणे मोजताना दिवाळीनंतरची मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटांचा (बैलांच्या शर्यतींचा) हंगाम डोळ्यासमोर ठेवा. दसऱ्याआधीचं पत्र मागणीचं, होळीनंतरचं उधारीचं.

गेफीबद्दल थोडंच. काही चुकलं की मागे जाण्याची सोय त्यात नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याला नवी फाइल. ठिपके कुठे बसले याला स्वतःचा अर्थ नाही. मांडणी पुन्हा चालवली की चित्र फिरतं. पीडीएफ काढताना जोडाक्षरं सुटी पडतात. एसव्हीजी प्रकारची फाइल काढून इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये देवनागरी फॉन्ट लावला की नावं नीट येतात. पत्रांच्या रेघा आणि उल्लेखांच्या रेघा एकत्र बेरीज करू नका, दोन वेगळ्या थरांत ठेवा.

प्रसिद्धीबाबत घरच्यांशी आधीच बोलून घ्यावं. कार्ड ज्याच्या घरी आहे त्याचं. पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. शिवाय उधारी, आजार, जात, सोयरिकी हे सगळं त्या चार ओळींत असतं. आम्ही क्रमांकांचे तक्ते आणि जाळी खुली ठेवणार आहोत, नावांची किल्ली वेगळी आणि बंद.

सध्या चालू असलेला टप्पा चित्रकाराने लिहिलेल्या पत्रांचा आहे. ती त्यांच्या तारेत असणार नाहीत, दुसऱ्यांच्या तारांत असतील. उल्लेखांच्या तक्त्यातून ज्यांची नावं वारंवार आली त्यांच्या गावांची यादी काढली आणि मंडईच्या दिवसांत, म्हणजे घरोघर पाहुणे असतात आणि म्हातारी माणसं सापडतात तेव्हा, तिथे जातो. पत्रं मागून आणत नाही. ओसरीवरच पांढरी चादर अंथरतो, फोन स्टँडला लावतो, सावलीत फोटो घेतो आणि तार जशीच्या तशी खुंटीला परत टांगतो. सोबत फक्त एक वही असते. तिच्यात घर, तारेतला क्रमांक आणि ‘हे अक्षर कोणाचं’ या प्रश्नाला घरच्यांनी दिलेलं उत्तर, त्यांच्याच शब्दांत.